प्रकट वाचन

प्रकट वाचन : वर्गात इतरांना ऐकू जाईल असे मोठ्याने वाचण्याचा शालेय परिपाठ. आधी शिक्षकाचे आदर्श वाचन, मग त्यामागून वर्गाचे अनुवाचन, शेवटी एकेकाचे वैयक्तिक वाचन, असा क्रम बहुधा सांगितला जातो.

मुंबईच्या शाळांत ही रीत कोठून आली याविषयी मतभेद आहेत. काही जण ती पंतोजींच्या शाळेतली मानतात. इतरांच्या मते ती लँकेस्टर पद्धतीतून, म्हणजे पुढच्या मुलाने मागच्यांना शिकवण्याच्या पद्धतीतून आली. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने १८२०च्या दशकात आपल्या शाळांत लँकेस्टर पद्धत चालवली. मात्र या पद्धतीचा दुसरा प्रवर्तक अँड्र्यू बेल मद्रासेत होता आणि मलबारी मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना पाहून त्याला ही वाट सुचली. तेव्हा देशी की विलायती हा वाद फार ताणण्यात अर्थ नाही. पंतोजींकडे धुळाक्षरे, मोडीचे वळण, पाढ्यांची उजळणी होती. प्रत्येक मुलाच्या हाती तेच पान नव्हते. मागून म्हणणे जुने खरे, पण एकाच पाठावर सगळ्यांनी बोट ठेवून वाचणे छापील क्रमिक पुस्तकांच्या आधीचे नसावे.

आदर्श वाचनाची गरज लिपीतूनच निर्माण होते. बालबोधात, म्हणजे देवनागरीत, च, ज, झ यांचे दोन उच्चार एकाच अक्षराने दाखवतात : ‘आमचा’मधला च ‘आमची’त बदलतो, आणि ‘जग’ म्हणजे विश्व की जगण्याची आज्ञा, हे कानानेच ठरते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत फरक फक्त र जोडण्याचा. पहिल्यात ‘द’वर आघात येतो, दुसऱ्यात नाही. महानगरपालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत, आणि मराठी माध्यमातही घरी वेगळी भाषा बोलणारी मुले असतात. हिंदी बोलणारे मूल ‘कोळी दर्यात गेला’ हे ‘कोली’ असे वाचते. गुजराती बोलणाऱ्याला ‘ळ’ जड जात नाही. अशा वेळी शब्दागणिक अडवले तर वाक्य हातचे जाते. ओळ पुरी होऊ द्यावी, शिक्षकाने ती एकदा म्हणावी व मुलाने पुन्हा वाचावी, हे बरे.

‘पुढचा वाच’ म्हणत एकामागून एकाला वाचायला लावण्याच्या पद्धतीत एकेकाच्या वाट्याला दोन ओळी येतात. जोडीवाचनात निम्मा वर्ग एकाच वेळी वाचतो. गलका होतो, तो चालवून घ्यावा लागतो.

वाचनाची पातळी प्रकट वाचनानेच मोजतात. १९९०च्या दशकाच्या मध्यास मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून झालेल्या ‘असर’ या शैक्षणिक पाहण्यांत अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट अशा पायऱ्या आहेत. गोष्ट सफाईने वाचणारे मूल वरच्या पायरीवर धरले जाते; गोष्टीत काय घडले हे त्याला सांगता येते का, याचा विचार या पायऱ्यांत नाही.