छोटी वाट

छोटी वाट : रोजच्या साध्या व्यवहारात लीनता आणि सहनशीलता आचरण्याची ख्रिस्ती साधना. फ्रान्समधील लिझ्यू येथील कार्मेल मठात (कार्मेलाइट संघाच्या जोगिणींच्या मठात) राहिलेल्या संत तेरेज (१८७३–९७) हिने ती मांडली. बायबलमधील कलस्सैकरांस पत्रात (३:१२) प्रेषित पौल लीनता आणि सहनशीलता एका दमात सांगतो. पण कपडे धुताना किंवा जेवणघरात हे गुण नेमके कसे वापरायचे, हे तेरेजने मठात लिहिलेल्या आठवणींच्या वह्यांइतक्या बारकाईने क्वचितच कुठे वाचायला मिळते.

तेरेज ९ एप्रिल १८८८ रोजी, पंधरा वर्षांची असताना मठात आली आणि चोविसाव्या वर्षी क्षयाने तिथेच वारली. थोर संतांसारख्या खडतर पायऱ्या चढण्याचे बळ आपल्यात नाही, हे तिने ओळखले होते. श्रीमंतांच्या घरी नव्याने आलेल्या लिफ्टचा दाखला देऊन ती म्हणते, की येशूचे हात हीच आपली लिफ्ट. तिच्यात बसायला मोठे व्हावे लागत नाही, उलट लहानच राहावे लागते.

तिच्या वह्यांतले प्रसंग क्षुल्लक वाटतील इतके छोटे आहेत. संध्याकाळच्या ध्यानाच्या वेळी मागे बसणारी एक भगिनी शिंपल्यावर शिंपला घासावा तसा आवाज करी. वळून तिच्याकडे एकदा बघावे, असे तेरेजला फार वाटे. ते आवरताना तिला घाम फुटे. शेवटी तिने तो आवाज टाळायचा नाद सोडला आणि एखादी मैफल ऐकावी तसा तो लक्ष देऊन ऐकायला सुरुवात केली. धुणे धुताना समोरची भगिनी मळके पाणी तोंडावर उडवी, तेव्हा चेहरा पुसून नाराजी दाखवण्याचा मोह तिने गिळला. एका भगिनीचे सगळेच तिला खटके. तिच्याशी ती इतकी गोड वागली, की ‘माझ्यात तुम्हाला एवढे काय आवडते?’ असे त्या भगिनीनेच विचारले.

सर्वांत बोलका प्रसंग म्हाताऱ्या, आजारी सिस्टर सेंट पिएर हिचा. तिला रोज संध्याकाळी आधार देत जेवणघरात न्यायचे काम तेरेजने मागून घेतले. जरा भरभर चालले तरी तक्रार, सावकाश चालले तरी तक्रार. जागेवर बसवून तिच्या बाह्या तिला हव्या तशाच दुमडाव्या लागत. वाकड्या बोटांनी तिला पाव कापता येत नाही, हे लक्षात आल्यावर तेरेज न सांगता तोही कापून देऊ लागली. म्हातारीचे मन जिंकले ते या न मागितलेल्या मदतीने.

या साधनेत राग येणे हा दोष मानलेला नाही. तिचे सगळे लक्ष राग आल्यावर काय करायचे यावर आहे, आणि ते जमणार नसेल तर तेरेज सरळ तिथून पळ काढी. युद्धातून पळालेल्या शिपायासारखी, असे तिनेच लिहिले आहे. नम्रतेचा अर्थ मुकाट सोसणे असा लावणाऱ्यांनी तिचे नवशिक्या भगिनींशी असलेले वागणे पाहावे. त्यांना वळण लावण्याची जबाबदारी तिच्यावर होती आणि त्यांच्या चुका ती स्पष्ट दाखवी. दुसऱ्याला बोलण्यापेक्षा स्वतः हजार बोल ऐकलेले परवडतील, असे तिला वाटे. तरी तिने ते काम टाळले नाही. सहनशीलतेचा उपदेश वरच्यांनी खालच्यांना करणे ही वेगळीच गोष्ट. छोट्या वाटेच्या नावावर ती खपवता येत नाही.

तिच्या लेखनाचे पुस्तक १८९८ मध्ये निघाले, पण थोरल्या बहिणीने त्यात बरीच दुरुस्ती केली होती. मूळ हस्तलिखितांची प्रतिकृती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. तेरेजला १९२५ मध्ये संतपद मिळाले. मठाबाहेर कधी धर्मप्रचाराला न गेलेल्या या तरुणीला १९२७ मध्ये संत फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीने मिशनकार्याची आश्रयदाती संत घोषित करण्यात आले आणि १९९७ मध्ये ख्रिस्तसभेची आचार्य ही, शिकवणुकीसाठी मोजक्या संतांना दिली जाणारी पदवी मिळाली. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांनी व्रत घेताना नाव निवडले ते तिचेच.