'कोळ्याचे रेशीम' नेमके कशाला म्हणायचे?

जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या धाग्यावर बेतून माणसाने बनवलेल्या धाग्यालाही हेच नाव दिले जाते. नावांचा हा घोळ जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये नायट्रोसेल्युलोजपासून (वनस्पतींच्या तंतूंवर रासायनिक प्रक्रिया करून केलेल्या पदार्थापासून) काढलेला धागा 'कृत्रिम रेशीम' म्हणून विकला गेला. अशा धाग्यांसाठी १९२४ मध्ये 'रेयॉन' हे नाव रूढ झाले, तरी आपल्या साडीच्या दुकानांत 'आर्ट सिल्क' अजून ऐकू येते. त्यातला 'आर्ट' म्हणजे कला नव्हे, 'आर्टिफिशियल' आहे. पण ती नक्कल फक्त चकाकीची होती.

रेशीम मुळात प्रथिन असते. त्या प्रथिनाची नक्कल सुरू झाली १९९० नंतर, कोळ्याच्या आधारधाग्याच्या (ज्याला तो लटकतो त्या धाग्याच्या) जनुकाचा काही भाग वाचला गेला तेव्हा. कोळी एकत्र ठेवले की एकमेकांना खातात, म्हणून त्यांची शेती जमत नाही. मग ते जनुक जिवाणूंत, यीस्टमध्ये, अगदी दुधात ते प्रथिन उतरावे म्हणून शेळ्यांतही घातले गेले. २००२ मध्ये सस्तन प्राण्यांच्या पेशींत तयार झालेल्या प्रथिनाचा धागा निघाला. चिवटपणा जवळपास कोळ्याच्या धाग्याइतका, ताकद मात्र कमी. कोळ्याच्या ग्रंथीत प्रथिन दाट द्रवासारखे साठलेले असते. निमुळत्या नळीतून सरकताना आम्लता वाढते, पाणी निघून जाते आणि ओढ बसताच धागा तयार होतो. ही करामत यंत्राला सहज साधत नाही. शेळीच्या दुधाच्या बातम्या जगभर गाजल्या. कापड बाजारात आले नाही.

खरा वादाचा निर्णय पुढचा. २०१५ मध्ये एका जपानी कंपनीने अशा प्रथिनाचे थंडीचे जॅकेट नमुना म्हणून दाखवले. अडचण पाण्याची होती. कोळ्याचा आधारधागा भिजला की आकसतो, कधी कधी निम्म्यापर्यंत. पावसा-बर्फात वापरायच्या कपड्याला हे कसे चालावे? संशोधकांनी प्रथिनाची रचनाच बदलली आणि आकसण्याला कारणीभूत असलेला भाग वगळला. माझ्या मते निर्णय योग्यच होता. पण त्यानंतर त्या धाग्याला कोळ्याचे रेशीम म्हणणे ग्राहकाशी प्रामाणिकपणाचे राहिले नाही. कंपनीने पुढे किण्वनाकडे, म्हणजे सूक्ष्मजीवांकडून प्रथिन बनवून घेण्याच्या आंबवण्यासारख्या प्रक्रियेकडे, बोट दाखवणारे वेगळे नाव घेतले, हे तिच्या श्रेयाचे. बातम्यांच्या मथळ्यांतून मात्र कोळी हलला नाही.

वैद्यकातल्या रेशमाबाबत हा प्रश्न येत नाही. तिथे रेशीमकिड्याचे साधे कोशच सोड्याच्या पाण्यात उकळून सेरिसिन हा चिकट थर काढतात, उरलेले फायब्रॉइन, म्हणजे धाग्याचे मुख्य प्रथिन, लिथियम ब्रोमाइड या क्षाराच्या द्रावणात विरघळवतात आणि त्याचे पातळ पापुद्रे किंवा सच्छिद्र स्पंज बनवतात. पदार्थ रेशमाचा, नावही रेशमाचे.

जॅकेट विक्रीला आले २०१९ च्या अखेरीस, फक्त ५० नग. भिजल्यावर आकसण्याचा कोळ्याच्या धाग्याचा गुण त्यांत ठेवलेला नव्हता.