शहाळ्याने किडनी ‘धुऊन’ निघत नाही

गोव्यात डिचोली असो वा पेडणे, कुणाला हुडहुडी भरून कंबर धरली की शेजारचा सल्ला ठरलेला: “ऊन बाधलंय, दोन शहाळी पी, किडनी धुऊन निघेल.” धडधाकट माणसाचं त्यात बिघडत नाही. पण किडनी आधीच मंदावली असेल तर शहाळ्यातलं पोटॅशियम पुरतं बाहेर पडत नाही, रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके चुकवतं.

शिवाय अशी हुडहुडी नि कंबरदुखी उन्हाची नसून किडनीतल्या जंतुसंसर्गाचीही असू शकते. क्वचित, आणि बहुतेकदा मधुमेहींत, ई. कोलाय किंवा क्लेबसिएला हे जंतू किडनीत साखर आंबवून चक्क वायू करतात. सान्नांचं (गोव्याच्या इडल्यांचं) पीठ रात्रभरात फुगून जाळी धरतं, तसंच. सीटी स्कॅनवर करड्या किडनीत काळे बुडबुडे दिसतात. नाव जड आहे: एम्फिसिमॅटस पायलोनेफ्रायटिस. नोंद १८९८ पासूनची.

“सीटीचं इंजेक्शन किडनी खातं, नकोच ते,” हेही ऐकलंय. अहो, वायू दिसायला ते इंजेक्शन लागतच नाही, साधा सीटी पुरतो!

पूर्वी अशी किडनी बहुधा काढूनच टाकत. आता आधी शिरेतून अँटिबायोटिक्स, साखरेवर ताबा, गरज पडल्यास पाठीतून नळी घालून पू आणि वायू काढतात. उशीर मात्र जिवावर बेततो. म्हणून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पोचाल तेव्हा नुसतं “ताप आहे” नको, “किडनीचा पेशंट आहे, ताप आहे” म्हणा, आणि क्रिएटिनिनचा (किडनी किती काम करते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) जुना रिपोर्ट पुढे करा.