शेवटचा हप्ता, विम्याचा चेक

'अमेरिकन ड्रीम' हे शब्द भरभराटीच्या काळात रुळले असतील असं वाटतं. प्रत्यक्षात ते तोंडोतोंडी झाले ऐन महामंदीत, जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकाराच्या १९३१ सालच्या 'द एपिक ऑफ अमेरिका' या पुस्तकामुळे. ॲडम्स बजावून सांगत होते की हे स्वप्न नुसतं मोटारींचं आणि चांगल्या पगाराचं नव्हे. कोण कुठल्या घरात जन्मला हे न पाहता प्रत्येकाला आपल्या कुवतीइतकं वाढता यावं, असं ते आहे. रंगभूमीवर मात्र ते स्वप्न थेट स्वयंपाकघरात शिरलं, आणि तिथे त्याचा हिशेब डॉलरात आणि सेंटात झाला.

नाटककार आर्थर मिलर यांच्या वडिलांचा न्यूयॉर्कमध्ये बायकांच्या कोटांचा कारखाना होता. मंदीत धंदा बसला, आणि मॅनहॅटनमध्ये सुखात राहिलेलं हे कुटुंब ब्रुकलिनच्या लहानशा घरात दिवस काढू लागलं. मिलर यांच्या 'ऑल माय सन्स' (१९४७) मधला कारखानदार तडे गेलेले सिलिंडर हेड विमानांसाठी पाठवतो, २१ वैमानिक मरतात. त्याचं म्हणणं एवढंच, की केलं ते मुलांसाठी केलं.

१० फेब्रुवारी १९४९ ला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, मिलर यांचंच 'डेथ ऑफ अ सेल्समन' उभं राहिलं. एलिया कझान यांचं दिग्दर्शन, आणि जो मिल्झिनर यांचं नेपथ्य: भिंती नसलेला घराचा सांगाडा, त्याच्यावर चाल करून आल्यासारख्या उंच इमारती. पहिल्या अंकातला एक प्रसंग पाहा. फिरतीवरून आलेला विली लोमन बायकोला सांगतो, बाराशे ग्रोस माल खपवला. लिंडा पेन्सिल घेऊन कमिशन काढते, २१२ डॉलर. मग विली हळूहळू खाली येतो, आणि आकडा सत्तर डॉलर आणि काही चिल्लर इथे टेकतो. आता लिंडा देणी वाचते: फ्रिजचे १६ डॉलर, कपडे धुण्याच्या यंत्राचे ९ डॉलर ६० सेंट, छताचे २१, पंधरा तारखेपर्यंत सगळे मिळून १२० च्या आसपास. बापाची फुशारकी मोडायला इथे खलनायक लागत नाही, उधारीची वही पुरते. शेवटी विली गाडीखाली नव्हे, गाडीसकट जीव देतो, विम्याचे वीस हजार मुलाला मिळावेत म्हणून. पंचवीस वर्षं फेडलेल्या घराचा शेवटचा हप्ता लिंडा भरते तो त्याच्या दफनाच्या दिवशी.

या नाटकांमध्ये पैसा कमाईतून क्वचितच येतो. तो येतो मरणातून, नाहीतर जखमेतून. ही बाब मला स्वप्नभंगाच्या नेहमीच्या चर्चेपेक्षा जास्त बोलकी वाटते.

लोरेन हान्सबेरी यांचं 'अ रेझिन इन द सन' ११ मार्च १९५९ ला ब्रॉडवेवर आलं. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेलं तिथलं ते पहिलंच नाटक. पार्श्वभूमी त्यांच्या स्वतःच्या घरची होती. शिकागोतल्या गोऱ्या मालकांचे आपसात लेखी करार असत: घर कृष्णवर्णीयांना विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. हान्सबेरींच्या वडिलांनी १९३७ मध्ये अशाच वस्तीत घर घेतलं. बाहेर जमाव जमायचा, आत आई रात्री भरलेलं पिस्तूल घेऊन जागी असायची. या करारावरून झालेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४० मध्ये ते जिंकले, पण तांत्रिक मुद्द्यावर. न्यायालयांनी असले करार अमलात आणू नयेत, हा निकाल यायला १९४८ उजाडलं.

नाटकात वॉल्टरच्या मेलेल्या बापाच्या विम्याचे दहा हजार यायचे असतात. त्याआधीच्या सकाळी वॉल्टरचा मुलगा शाळेसाठी पन्नास सेंट मागतो, आई नाहीत म्हणते. वॉल्टर ऐटीत पन्नास देतो, वर आणखी पन्नास देतो, आणि थोड्या वेळाने कामावर जायला गाडीभाडं नाही म्हणून बायकोपुढेच हात पसरतो. पुढे वॉल्टरची आई साडेतीन हजार भरून गोऱ्या वस्तीत घर घेते, उरलेले साडेसहा हजार वॉल्टरच्या हाती देते, आणि त्याचा भागीदार ते घेऊन पसार होतो.

एडवर्ड ऑल्बी यांनी १९६१ मध्ये 'द अमेरिकन ड्रीम' याच नावाची एकांकिका करून स्वप्नाला देखणा, आतून पोकळ तरुण केलं. चलाख आहे ती. पण घरखर्चाची वही तिच्यात नाही, त्यामुळे मला ती तितकीशी लागत नाही.

वही परत उघडली ऑगस्ट विल्सन यांनी. १९८७ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या आणि पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या 'फेन्सेस'चं घर पिट्सबर्गमध्ये, काळ १९५७ चा. ट्रॉय मॅक्सन कचरा उचलण्याच्या गाडीवर कामाला. त्याचं घर उभं राहिलं ते भाऊ गेब्रिएलच्या भरपाईतून. युद्धात डोक्याला जखम झाली, कवटीत धातूची पट्टी बसली, त्याचे सरकारने तीन हजार दिले. ट्रॉयला ते पक्कं ठाऊक आहे आणि सलतंही. गेब्रिएल मात्र दुसरीकडे दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो, आणि स्वतःची किल्ली मिळाली म्हणून ती भावाला कौतुकाने दाखवतो.