हॉपच्या जाती: पार्श्वभूमी

साट्स, टेटनांगर, श्पाल्ट, हालरटाउ. हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची वेल. युरोपातली तिची जुनी नावं म्हणजे गावं आणि प्रदेश. अल्फा आम्ल, म्हणजे कडवटपणा देणारा घटक, बहुधा ३ ते ५ टक्के आणि वेल कोणाच्या मालकीची नाही.

क्राफ्ट ब्रूइंगची, म्हणजे लहान ब्रुअरींतल्या बिअरची, खरी सुरुवात कॅस्केडपासून. ओरेगनमधल्या सरकारी पैदास कार्यक्रमात १९५६मध्ये संकर झाला, लागवडीसाठी जात १९७२मध्ये खुली झाली. तेव्हा जर्मनीत मररोगामुळे हालरटाउचं पीक घटलं होतं आणि मोठे कारखाने पर्यायाच्या शोधात होते. त्यांना सौम्य सुगंध हवा होता, पण कॅस्केडला ग्रेपफ्रूटचा वास. पुढे लहान ब्रुअरींनी नेमका तोच उचलून धरला.

कॅस्केड सार्वजनिक आहे. सिमको (२०००), सिट्रा (२००८च्या सुमारास), मोझेइक (२०१२) या मात्र खासगी जाती, आणि जातीच्या नावावर मालकाचा कायमचा हक्क असावा का, या वादाचं मूळ इथे आहे. अमेरिकेत वनस्पती पेटंट अर्जापासून २० वर्षं चालतं. ट्रेडमार्कचं नूतनीकरण मात्र कितीही वेळा करता येतं. सिट्रा हे बाजारातलं नाव, वेलीची नोंद एचबीसी ३९४. मोझेइकची एचबीसी ३६९, सिमकोची वायसीआर १४. म्हणजे पेटंट संपल्यावर वेल कोणीही लावावी, पण तिची फुलं ‘सिट्रा’ म्हणून विकायला परवाना लागणारच. आणि ग्राहक लेबलवर तेच नाव शोधतो. संकरापासून बाजारापर्यंत दहा-एक वर्षं जातात, हजारो रोपं फेकावी लागतात, तो खर्च निघायला हवा, हे मालकांचं म्हणणं पेटंटपुरतं रास्तच आहे. नावावरच्या बेमुदत हक्काला ते पुरत नाही.

शिवाय नाव वासाची हमी देत नाही. उशिरा तोडलेल्या फुलांत तेल वाढतं, तसा कांदा-लसणाचा वासही येऊ शकतो. सिमको, मोझेइकमध्ये हे सर्रास दिसतं. कडवटपणासाठी जात बदलणं सोपं आहे: ६० मिनिटांच्या उकळीत १२ टक्के अल्फाचे १० ग्रॅम म्हणजे ५ टक्क्यांचे २४ ग्रॅम. ड्राय हॉपिंगला, म्हणजे उकळीनंतर फक्त वासासाठी हॉप घालताना, हा हिशोब चालत नाही. तिथे लिटरला ४ ते ८ ग्रॅम पुरतात. कॅस्केडच्या बाबतीत ८च्या पुढे लिंबूवर्गीय वास फारसा वाढत नाही, चहापत्तीसारखा मात्र जाणवू लागतो. म्हणून खरेदीआधी पाकिटावरच्या नावापेक्षा त्या लॉटची तोडणीची तारीख आणि १०० ग्रॅममागे किती मिलिलिटर तेल आहे ते विचारावं, आणि चिमूटभर पेलेट (हॉपच्या दाबलेल्या गोळ्या) तळहातावर चोळून वास घ्यावा.