आजोबांसाठी शॉर्टवेव्ह रेडिओ निवडताना

वयस्कर माणसासाठी परवडणारा शॉर्टवेव्ह रेडिओ घेताना बहुतेक जण खोक्यावर किती बँड लिहिलेत ते मोजतात. त्या आकड्यात फारसं काही नाही. लावलेलं स्टेशन जागेवर राहतं का आणि बोलणं स्पष्ट कळतं का, हे आधी पाहा.

शॉर्टवेव्ह म्हणजे साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी. वर आयनांबरातले, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरातले, विद्युतभारित कण त्यांना वाकवून परत जमिनीकडे पाठवतात, म्हणून हजारो किलोमीटरवरचं स्टेशन ऐकू येतं. पण आयनांबर दिवसरात्र एकसारखं नसतं. दिवसा सूर्यामुळे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर ‘डी’ थर तयार होतो आणि कमी मेगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो. त्यामुळे ४९ आणि ४१ मीटरच्या बँडवर (साधारण ६ आणि ७ मेगाहर्ट्झ) दूरची स्टेशनं रात्री खुलतात, तर भर दुपारी ती १९ किंवा १६ मीटरवर (साधारण १५ आणि १७ मेगाहर्ट्झ) शोधावी लागतात. त्यातच बरीच केंद्रं मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस आपली वेळापत्रकं बदलतात. म्हणजे आवडीचं एकच केंद्र ऐकायलाही वर्षभरात फ्रिक्वेन्सीचे अनेक आकडे लागतात.

काट्याच्या रेडिओवर हे जड जातं. शॉर्टवेव्हवर स्टेशनं ५-५ किलोहर्ट्झवर बसलेली असतात. थरथरत्या बोटाने चाक जरासं फिरलं की दोन-तीन स्टेशनं मागे पडतात. स्वस्त सेटमध्ये तापमान बदललं तरी स्टेशन सरकतं. शिवाय जोरदार स्टेशन आपल्या जागेच्या ९१० किलोहर्ट्झ खालीही उगाच उमटतं, आणि ऐकणारा गोंधळतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आकडे दाखवणारा आणि स्टेशनं साठवणारा डिजिटल रेडिओच घ्या. आता डीएसपी चिपमुळे, म्हणजे सिग्नल डिजिटल पद्धतीने हाताळणाऱ्या चिपमुळे, असे सेट स्वस्तातही मिळतात. मात्र साठवलेलं स्टेशन एकाच बटणावर लागतं का, हे स्वतः दाबून बघा. बटणं मोठी आणि सुटी हवीत, आवाजाला फिरवायचं चाक हवं, आणि चुकून काही दाबलं जाऊ नये म्हणून लॉकही हवं. स्टेशनं तुम्हीच साठवून द्या आणि वेळापत्रक बदललं की पुन्हा बसवून द्या.

वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ ही व्यंजनं तिथेच असतात, त्यामुळे बातम्या ऐकू येतात पण कळत नाहीत. घुमणारा बेस इथे अडचणच करतो. जरा मोठा स्पीकर आणि टोनचं बटण असलेला सेट बरा. एसएसबी (सिंगल साइडबँड) या जादा सोयीसाठी पैसे घालू नका. ते हौशी रेडिओवाल्यांचं बोलणं ऐकायला लागतं, नेहमीच्या प्रसारणाला नाही.

सेलही बघा. साधे पेन्सिल सेल कुठेही मिळतात आणि सहज बदलता येतात. मोबाइलसारखी चपटी बॅटरी आखडलेल्या बोटांना निघत नाही.

खरखर जास्त असेल तर दोष बऱ्याचदा रेडिओचा नसून घरातल्या चार्जरचा किंवा एलईडी दिव्याचा असतो. रेडिओ सेलवर चालवून खिडकीशी ठेवा आणि एकेक उपकरण बंद करून बघा. तरीही आवाज क्षीण वाटला तर अँटेनाच्या दांडीला चिमट्याने तीन-चार मीटर वायर जोडा. त्याहून फार लांब नको, स्वस्त सेटला ती झेपत नाही आणि स्टेशनं एकमेकांत मिसळतात.