माडबागेतील आच्छादन

सुक्या झावळ्या, सोडणे (नारळाची तंतुमय साले), पोया (फुलोऱ्याची आवरणे) व काथ्याचा भुसा (सोडणातून काथ्या काढताना उरणारा चुरा) हे माडाचे अवशेष जाळून न टाकता त्याच माडाच्या आळ्यात पसरण्याची किंवा चरात पुरण्याची पद्धती. जमिनीतील ओल टिकवणे आणि तण दाबणे हे तिचे मुख्य हेतू. केरळ, तमिळनाडू, किनारी कर्नाटक, गोवा व कोकण या पट्ट्यात ती रूढ आहे.

बागायतदारांची ही प्रथा बरीच जुनी असावी. प्रमाण ठरवून केलेल्या शिफारशी मात्र विसाव्या शतकातील आहेत. तत्कालीन मद्रास सरकारने १९१६ मध्ये कासरगोड येथे नारळ संशोधन केंद्र स्थापन केले. पुढे १९७० मध्ये तेथेच केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्था उभी राहिली. माडाच्या मुळांचा अभ्यास या संस्थेत झाला. माडाची बहुतांश मुळे बुंध्यापासून सुमारे २ मी. अंतराच्या आत असतात. आच्छादनासाठी १.८ मी. त्रिज्येचे आळे सुचवले जाते, त्याचा आधार हाच.

सोडण कसे ठेवावे, उपडे की उताणे, याविषयी बागायतदारांत मतभेद आढळतात. शिफारशींतही दोन्ही प्रकार आहेत, पण त्यांचे हेतू वेगळे आहेत. जमिनीवर पसरताना सोडणे उपडी, म्हणजे फुगीर बाजू वर करून ठेवावीत. त्यामुळे ऊन व वारा थेट मातीला लागत नाही आणि सोडणाखालची माती ओलसर राहते. एका माडास सुमारे १०० सोडणे पुरतात. त्यांऐवजी १५ सुक्या झावळ्या किंवा १० सेंमी. जाडीचा भुशाचा थर चालतो. चरात पुरताना याच्या उलट करावे. बुंध्यापासून १.५ मी. अंतरावर ३० सेंमी. रुंद व ६० सेंमी. खोल गोलाकार चर काढून सोडणे उताणी रचतात, म्हणजे पोकळ बाजूत पाणी साठते. हा परिणाम ५ ते ७ वर्षे टिकतो. सोडणात पालाश (पोटॅश) भरपूर असल्याने लाभाचे श्रेय काही जण त्याला देतात. पालाशचा वाटा नाकारता येत नाही. पण पालाश पाण्यात सहज विरघळून लवकर सुटतो, हे लक्षात घेता इतकी वर्षे टिकणाऱ्या परिणामाचे कारण मुख्यत्वे पाणी धरून ठेवण्याची शक्ती हेच मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

काथ्याचा भुसा आपल्या वजनाच्या पाचपटीहून अधिक पाणी धरतो. मात्र कच्च्या भुशात कर्ब (कार्बन) व नत्र (नायट्रोजन) यांचे गुणोत्तर १००:१ हून जास्त असते. तो मातीत मिसळला तर जिवाणू मातीतील नत्र ओढून घेतात व पीक पिवळे पडते. मातीत न मिसळता नुसत्या वर पसरलेल्या भुशाने ही हानी फारच कमी होते. मिसळायचाच असेल, तर धिंगरी अळंबीच्या बुरशीने कुजवून घ्यावा. खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या सोडणांचा भुसा गोड्या पाण्याने धुणे आवश्यक आहे.

तणनियंत्रणाला मर्यादा आहेत. जाड थराखाली प्रकाश न मिळाल्याने बियांपासून उगवणारी वार्षिक तणे दबतात. लव्हाळा व हरळी मात्र थर भेदून वर येतात. ती आधी खणून काढावी लागतात. झावळ्या दोन-तीन तुकडे करून अंथरल्यास जमिनीला नीट चिकटून बसतात.

कोकणात जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो व नंतर आठ महिने जमीन कोरडी होत जाते. म्हणून वरची माती सुकण्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आच्छादन घालणे श्रेयस्कर. झाप, खराट्याचे हीर व न्हाणीची चूल यांनाही झावळी लागतेच. पण उरलेल्या झावळ्यांना बागेतच आग लावणे म्हणजे माडाचे खाद्य माडापासून हिरावून घेणे होय.

कुजलेल्या ढिगात गेंड्या भुंगा या माडाच्या किडीच्या अळ्या वाढतात. या भीतीने आच्छादनच टाळण्याचे कारण नाही. अळ्यांना खताचे खड्डे, शेणाचे ढीग व कुजलेली खोडे मानवतात, पातळ पसरलेला कोरडा थर नव्हे. खड्ड्यांत मेटारायझियम बुरशी वापरून त्यांचा बंदोबस्त करता येतो. रोपांच्या बुंध्याला मात्र आच्छादन टेकू देऊ नये, वाळवी लागते.

गोव्याच्या कुळागरांत (सुपारीच्या बागांत) झाडांखाली पालापाचोळा अंथरतात. खजुराच्या पात्यांचा चुरा याच कामासाठी अरब देशांतील बागांत वापरला जातो.